तेरला माळवदाचं सांस्कृतिक भवन? आधी माती कुठून आणणार ते सांगा

टेकाडावरचा:
काल एका वास्तुविशारद ताईंनी आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला 'शाश्वत' सांस्कृतिक भवन कसं असावं यावर लांबलचक लिहिलं. मातीच्या 'श्वास घेणाऱ्या' भिंती, वर माळवद (लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेलं सपाट छप्पर), सिमेंटचा कण नाही, 'गावाच्या मातीतून उगवलेली वास्तू'. खाली लाइकचा पाऊस. माझं उत्तर तिथं मावेना, म्हणून वेगळा धागा.

ताई, माळवदाला पांढरी माती लागते. ती तेरमध्ये कुठं मिळते? टेकाडात. म्हणजे सातवाहनांच्या तगरात, मातीखाली गाडलेल्या जुन्या तेरात, ज्याचं नाव 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापाऱ्याच्या जुन्या प्रवासवर्णनात आहे. आमच्या आज्यापणज्यांनी तिथूनच गाड्या भरल्या. रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी मणी, नाणी, मृण्मूर्ती वेचून ठेवल्या नसत्या तर संग्रहालयात दाखवायला काय उरलं असतं? आता वारसा दाखवायला भवन बांधायचं आणि त्यासाठी वारसाच खणून छपरावर पसरायचा! पायाचंही तेच. संरक्षित स्मारकापासून बांधकाम न करण्याचं कायद्यातलं १०० मीटरचं अंतर कागदावर मोजता येतं, पण जुनं गाव नव्या गावाखाली कुठपर्यंत गेलंय ते कुदळ लागल्यावरच कळतं.

शिवाय दरसाल मिरगाच्या आधी वर चढून गवत उपटायचं, माती टाकून चोपायची. कोण करणार? ग्रामसेवक?

माझं म्हणणं साधं आहे. टेकाडापासून लांब, विटांचं, वर पत्रा, चारी बाजूंनी रुंद पडवी, भरपूर संडास आणि पाणी. गोरोबाकाकांच्या यात्रेला आलेला वारकरी आधी मोरी शोधतो, कमान नाही.

चुनखडी:
मीच ती ताई. टेकाड खणा असं मी कुठं लिहिलं? तळ्यातला गाळ, मुरूम आणि चुना मिसळूनही छप्पर करता येतं. आणि पत्रा? मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याखाली बसून कीर्तन ऐकून दाखवा. मग पंखे, मग कूलर, मग एसी. तुमच्याच गावात त्रिविक्रमाचं मंदिर बघा. मूळचं विटांचं चैत्यगृह (बौद्धांचं प्रार्थनागृह), शतकानुशतकं उभं. ते काय सिमेंटवर उभं आहे?

सास्तूरकर:
माळवदाचं कौतुक वाचून डोकं फिरलं. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. गणपती बोळवून लोक झोपले होते. आत्याच्या घराचं माळवद तिच्यावर आणि तिच्या लेकरांवर आलं. वडिलांनी हातानं माती उपसली. ती माती 'श्वास घेणारी' वगैरे होती का, ते त्यांना विचारायचं राहिलं.

ओळंबा:
सास्तूरकर, तुमचं दुःख मोठं आहे, पण दोष चुकीच्या जागी लावताय. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा. माणसं मेली ती मुख्यतः भिंतींनी. गोट्यांच्या दोन पाखांची, म्हणजे आतल्या-बाहेरच्या दोन थरांची जाड भिंत, मध्ये चिखल, दोन्ही तोंडं बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की पाखं सुटतात. ज्या घरांत छपराच्या खणांचं लाकूड खांबांवर नीट बसलेलं होतं, तिथं भिंती पडूनही छप्पर उभं राहिल्याची उदाहरणं आहेत. हे अभियंत्यांनी नोंदवलेलं आहे.

सास्तूरकर:
वा साहेब! आणि वर दीड-दोन फूट माती कुणी टाकली होती, भिंतीनं? दरसाल नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. तुम्ही नोंदी वाचल्या, आम्ही प्रेतं मोजली.

ओळंबा:
मातीचा थर फार होता, हे मान्यच. नंतरच्या दुरुस्त्यांत थर कमी करा, आरपार दगड घाला, काँक्रीटचे पट्टे द्या, हेच सांगितलं गेलं. पण म्हणून माती म्हणजे मरण, हे मी मानणार नाही. तुम्हाला वाद घालायचाय की रडायचंय?

चुनखडी:
ओळंबा, हे वाक्य मागे घ्या.

ओळंबा:
घेतलं. मुद्दा मागे घेतलेला नाही.

वसाहतीतली:
भूकंपानंतर ५२ गावं नवी बसवली, त्यातल्या एका गावातली मी. घरं मजबूत आहेत, त्याबद्दल एक शब्द नाही. पण मे महिन्यात आत बसवत नाही. सगळ्यांनी पुढं पत्रा टाकला आणि आता पत्र्याखालीही बसवत नाही! आणि तुम्ही भवन भवन काय करताय? आमच्याकडं समाजमंदिर आहे. किल्ली सरपंचाच्या पुतण्याकडं, आत खताची पोती. बायकांच्या बचत गटाची बैठक पारावर होते. आधी किल्ली कुणाकडं राहील ते लिहा, मग मातीचं बघू.

फर्दापूर फाटा:
वसाहतीतल्या ताईंना शंभर टक्के अनुमोदन. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानी कर्जातून पर्यटक केंद्र बांधलं. १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती, २०१३ ला सुरू. पुढं वीज-पाण्याची बिलं थकली आणि दाराला कुलूप. इमारत कशाची आहे यापेक्षा बिल कोण भरणार हे महत्त्वाचं.

चुनखडी:
अहो, म्हणूनच तर एसी नको म्हणतेय ना मी!

टेकाडावरचा:
बरं, एवढ्यापुरतं तुमचं बरोबर. बिल कमी येईल. खूश? मग जागा टेकाडाबाहेर, पाया उथळ, लाकडी सांगाडा, भिंती हलक्या. माळवद नाही.

चुनखडी:
पत्राही नाही.

टेकाडावरचा:
मग मंगलोरी कौलं. माकडं नाचून गेली की फेरायला पुन्हा ग्रामसेवक!

सास्तूरकर:
कौलं चालतील. माथ्यावर पडली तर खोक पडेल, गाडले तर जाणार नाही.

वसाहतीतली:
आणि किल्ली?

ओळंबा:
किल्लीचा नकाशा मी काढत नाही ताई.

वसाहतीतली:
म्हणूनच सगळी भवनं बंद आहेत.

जुना वाडा:
विषय थोडा वेगळा आहे, माफ करा. धाराशिवच्या आसपास चुन्याची घाणी (बांधकामाचा चुना मळायची) चालवणारं कुणी उरलंय का? भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तो दर पावसाळ्यात फुगतोय, आणि इथला गवंडी चुना म्हटलं की पानाच्या टपरीकडं बोट दाखवतो.