मदत हवी आहे : राइट बंधूंच्या विमानाचं मॉडेल नाक वर करून पडतं

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात शिक्षक आहे. आठवीची पोरं राइट बंधूंच्या 1903 च्या विमानाचं बिनमोटरचं मॉडेल करत आहेत. सांगाडा बांबूच्या कमच्यांचा, त्यावर पतंगाचा कागद. मुख्य पंख 1 मीटर लांब, 16 सेंटिमीटर रुंद.

हातातून सोडलं की थोडं सरळ जातं, मग नाक उचलतं, हवेत थबकतं आणि शेपटीकडून खाली, थेट शेजारच्या पराटीत. पुढे वॉशर चिकटवले तर जरा सुधारतं.

मूळ विमानच अस्थिर होतं, हे ठाऊक आहे. त्याचा एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा छोटा आडवा पंख) पुढे होता आणि भारकेंद्र (जिथे वजनाचा तोल साधतो तो बिंदू) फार मागे, म्हणून ऑर्व्हिलला सतत सावरावं लागलं; पहिलं उड्डाण जेमतेम 12 सेकंदांचं, 36 मीटरचं. आमच्या मॉडेलला सावरणारं कोणी नाही. नेहमीच्या मॉडेलचं भारकेंद्र पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर ठेवतात, तो हिशेब इथे लागत नाही.

तर भारकेंद्र मुख्य पंखाच्या किती पुढे न्यावं? पुढच्या छोट्या पंखाचा कोन मुख्य पंखापेक्षा जास्त ठेवला की तो आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल कमी होते, आणि नाक आपसूक खाली येतं. हा फरक किती अंशांचा असावा?

यानंतर पोरांना बंगळुरूच्या एनएएल या विमान संशोधन संस्थेच्या दोन आसनी ‘हंस’ विमानाचं मॉडेल करायचं आहे. त्यासाठी बाल्सा लाकूड नागपुरात कुठे मिळेल? कागदावर आकृती काढून फोटो टाकलात तरी चालेल, पोरं लगेच करून पाहतील.