फ्लॅटमधलं नेट एकटाच खातो, वाटणी सारखी कशी करायची?

प्रश्न
आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहतो, ५० एमबीपीएसचं कनेक्शन, बिल चौघांत सारखं. पण एकाने डाउनलोड मॅनेजर लावला की बाकीच्यांचं नेट संपलंच, काल माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू होता आणि समोरच्यांचा आवाज इतका तुटत होता की शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावावा लागला. त्याला सांगितलं तर म्हणतो मी पण पैसे भरतो. १०० चा प्लॅन घेऊ का?

उत्तर १
नको घेऊस, तो १०० पण खाईल. टीसीपीत, म्हणजे बहुतेक डाउनलोड ज्या नियमांनी चालतात त्यांत, पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं की पाठवणारा समजतो लाइन भरली आणि आपला वेग साधारण निम्मा करतो, मग हळूहळू वाढवतो. ही शिस्त ठेच लागून आलीय, १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कलेला जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला होता, मग व्हॅन जेकबसन या नेटवर्क संशोधकाने १९८८ मध्ये उपाय मांडला. पण ही शिस्त कनेक्शनला लागू, माणसाला नाही. डाउनलोड मॅनेजर एकाच फाइलसाठी एकदम बरीच कनेक्शनं उघडतो, तुझं १ कनेक्शन आणि त्याची १६ असली तर लाइनचे १७ वाटे होतात, तुला मिळतात जेमतेम ३ एमबीपीएस. आणि यूडीपीवरचं (ज्यात अशी शिस्त सक्तीची नाही) एखादं ॲप मागे हटलंच नाही तर तेवढंही नाही.

उत्तर २
बरोबर, म्हणून वाटणी राउटरनेच करायला हवी. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा राउटर असेल तर त्यात एसक्यूएम, म्हणजे नेटची रांग सांभाळणारं पॅकेज, टाक आणि वाटणीची पद्धत म्हणून 'केक' निवड. एफक्यू-कोडेल ही दुसरी पद्धत नको, ते पण कनेक्शननुसारच वाटतं, १६ वाल्याला १६ वाटे देतं. केकमध्ये डाउनलोडसाठी 'ड्युअल-डीएसटीहोस्ट' (म्हणजे आधी घरातल्या प्रत्येक डिव्हाइसला सारखा वाटा) आणि सोबत 'नॅट' हा ऑप्शन द्यायचा, राउटर बाहेर सगळ्यांसाठी एकच पत्ता वापरतो, म्हणून नॅट विसरलास तर केकला अख्खा फ्लॅट एकच माणूस दिसतो. वेग ४५ लिही, ५० नाही, म्हणजे रांग कंपनीच्या बाजूला न लागता तुझ्या राउटरमध्ये लागते आणि तिथे तुझा कंट्रोल असतो.

उत्तर ३
मला वाटतं त्याच्याशी एकदा नीट बोल, रात्री १ नंतर डाउनलोड लाव म्हण. सगळं मशीनवर सोडू नये.

प्रश्नकर्ता
बोललो होतो दादा, दोन दिवस ऐकलं त्याने. काल रात्री केक लावलं, आधी नॅट खरंच विसरलो होतो, काहीच फरक नव्हता. ते टाकलं आणि त्याच्या १६ च्या १६ चालू असताना आईशी अर्धा तास व्हिडिओ कॉल केला, एकदाही अडकला नाही. बाकी कोणी वापरत नसलं की त्याला अख्खे ४५ मिळतात, त्यामुळे त्याचीही तक्रार नाही. मनापासून धन्यवाद.