उत्तर: ग्रेड ३ म्हणजे ६० टक्के ताकद?
डॉक्टर-फिजिओ स्नायूची ताकद तपासून तिला ० ते ५ अशी ग्रेड देतात. वर कुणीतरी म्हटलंय की पाचपैकी तीन ग्रेड म्हणजे स्नायूत ६० टक्के ताकद उरली. अपंगत्वाच्या दाखल्याचं गणित साधारण तसंच चालतं (ग्रेड ३ ला ४० टक्के हानी धरतात), पण स्नायूला ते गणित ठाऊक नसतं. ग्रेड ३ चा अर्थ एवढाच, की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात पूर्ण उचलला जातो. वर कुणी बोटाने जरा दाबलं तरी खाली येतो. पाण्याचा तांब्या उचलणं दूरच.

बाईकवरून पडून धाकट्या भावाच्या खांद्याच्या नसा दुखावल्या होत्या. फिजिओ मॅडम त्याचा हात खांद्याच्या उंचीला टेबलावर आडवा ठेवायच्या, खाली टाल्कम पावडर भुरभुरायच्या आणि कोपर वाकवायला सांगायच्या. हात सुळकन सरकायचा, आम्ही खूश! तोच हात खाली सोडून वाकव म्हटलं की ढिम्म. ही ग्रेड २. तीनवर यायला पाच महिने लागले. चारची तर तऱ्हाच न्यारी: जेमतेम पिशवी धरणारा आणि बादली उचलणारा, दोघेही त्यातच. म्हणून ४ वजा, ४, ४ अधिक असं लिहितात. दाखल्यासाठी जाताना जुने तपासणीचे कागद सोबत न्याच.