रोज तीस शब्द पाठ करते, आठवड्याने दहाही आठवत नाहीत

बार्शीची_लेक
नमस्कार. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष आहे आणि परदेशात पुढे शिकायला लागणारी जीआरई ही परीक्षा द्यायची आहे. अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक आणलं. त्यातले रोज तीस इंग्रजी शब्द वहीत उतरवते, समोर एकेक मराठी अर्थ. परवा सराव परीक्षेत ‘सँक्शन’ आला. मी ‘मंजुरी’ धरून बसले, वाक्यात तो ‘निर्बंध’ होता. तीन महिने गेले, आता फार धीर सुटतोय. काय चुकतंय?

विमाननगर_आयटी
पुस्तकात विरुद्धार्थी शब्दांचा वेगळा विभाग असेल तर ते 2011 च्या आधीचं. तो प्रकार तेव्हाच बंद झाला. आता सहा पर्यायांतून वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन निवडायचे असतात, गाळलेल्या जागा असतात. नुसती यादी तिथे पुरत नाही.

पेठेतली_बाई
अगं, मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून लिहिते. तुझी मेहनत कमी नाही, वहीतला तो एकेक अर्थ काढून टाक. शब्द एकटा लिहू नकोस, त्याच्या घरच्यांसकट लिही.

लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. त्यावरून ‘ग्रिगेरियस’, कळपात रमणारा, माणूसवेडा. ‘काँग्रिगेट’, एकत्र जमणं. ‘सेग्रिगेट’, कळपातून वेगळं काढणं. ओला-सुका कचरा आपण तसाच वेगळा करतो. आणि ‘इग्रीजस’ म्हणजे कळपाबाहेर उठून दिसणारा. पूर्वी तो कौतुकानेही वापरत, आता वाईटासाठीच. तिथे मराठीतला ‘घोर’ आठव. घोर चूक, घोर अपमान, घोर फसवणूक. घोर यश कुणी म्हणतं का? इंग्रजी शब्दाचीही अशी सोबत ठरलेली असते, ती वाक्यातच कळते. म्हणून प्रत्येक शब्दापुढे दोन वाक्यं हवीत, एक वाचलेलं आणि एक तुझ्या स्वतःच्या दिवसातलं. ‘सँक्शन’ला तर दोन्ही अर्थांची वेगळी वाक्यं लिही: बँकेने कर्ज सँक्शन केलं, आणि एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन्स लादली.

अजून एक माझा फार आवडता. ‘स्क्रुपल’ मूळ लॅटिन ‘स्क्रुपुलस’मधून आला, म्हणजे बारीक टोकदार खडा. चपलेत खडा गेला की पाऊल टाकवत नाही, तशी मनाला लागलेली टोचणी. मुलांना हे सांगितलं की वर्षभर विसरत नसत.

तीस नको, रोज आठच कर.

कोथरूड_८२
बाईंच्या पद्धतीला जोड म्हणून कार्डं करा. बुटाच्या खोक्यात पाच कप्पे. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पाचवा महिन्याने. अंकी हे ॲप मोबाईलवर साधारण हेच करतं, पण हाताने लिहिलेलं कार्ड मला जास्त लक्षात राहिलं.

बार्शीची_लेक
बाई, खरंच आभार. काल रात्री आठच केले, सकाळी आठही आठवले. एक शंका आहे. माझी आजी ‘घोर तपश्चर्या’ म्हणते, ते तर वाईट नाही ना?

पेठेतली_बाई
शाब्बास! आजी बरोबर आहेत, मीच घाईने लिहिलं. ‘घोर’ मध्ये भीती वाटावी इतकं कडक असंही येतं. ‘इग्रीजस’ला मात्र ती मुभा नाही, तपश्चर्येला तो लावू नकोस. हा फरकही कार्डावर लिही.