गॅलरीतल्या हायड्रोपोनिक्समधे स्पंजच्या जागी नैसर्गिक काय वापरायचं? (नागपूर)

बेसा_गॅलरी

नमस्कार मंडळी. मी बेसाला फ्लॅटमधे राहते, गॅलरी पश्चिमेची, दुपारी दोननंतर सरळ ऊन येते. दिवाळीपासून थर्माकोलच्या डब्यात पालक, लेट्यूस आणि थोडा सांभार (कोथिंबीर) लावून राहिले. मोटर वगैरे काही नाही, झाकणाला भोकं पाडून त्यात जाळीचे कप बसवायचे, मुळं खाली पाण्यात, तीच क्रॅट्की पद्धत. भाजी छान निघून राहिली, पालक तं इतका कोवळा येतो की पोरगी पानं तशीच तोडून खाते.

पण एक गोष्ट मनाला खूप खटकते. किटसोबत स्पंजचे तुकडे आले होते, आणि थोडा रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या धाग्यांचा कापसासारखा तुकडा). पीक निघालं की मुळं त्या स्पंजमधे अशी गुंतलेली असतात की काढताच येत नाही, मंग तो तुकडा कचऱ्याच्या गाडीत आणि तिथून भांडेवाडीच्या कचरा डेपोला. भाजी घरची म्हणून आपण आनंदात आणि दर पिकामागे मूठभर प्लास्टिक ढिगावर, हे मला पटत नाही. रॉकवूलही कुजत नाही म्हणे.

तं मला असं माध्यम पाहिजे जे शेवटी कुंडीत टाकता येईल आणि मातीत मिसळून जाईल. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) घालून पाहिलं तं ते कपाच्या जाळीतून खाली गळते आणि पाणी चहासारखं होते. माझं माहेर साकोलीकडचं, तिथे राइस मिलच्या मागे तुसाचे डोंगर पडलेले असतात, ते चालेल का? गिट्टी, विटेचे तुकडे, कोणी वापरून राहिलं का? पाणी आमच्याकडे बोअरचं आहे, बादलीला पांढरा थर बसतो. आणि एप्रिलनंतर काय करायचं तेही सांगा.

धानपट्टा

ताई, माहेर साकोलीचं आहे तं तुमचं अर्धं काम झालं. कोकोपीट केरळ-तामिळनाडूतून ट्रकमधे बसून येते, तूस आपल्या भंडारा-गोंदियाचं, मिलवाला खुशीनं पोतं भरून देते.

आधी एक फरक समजून घ्या. मिलमधून दोन वस्तू निघतात. धानाचं वरचं जाड टरफल ते तूस, आणि तांदूळ पॉलिश करताना निघणारा बारीक पिठूळ कोंडा. कोंडा आणू नका, त्यात तेल असते, ओला झाला की आंबते, चिलटं होतात, सगळं पाणी खराब करते. फक्त तूस पाहिजे. त्यातही उकड्या तांदळाच्या मिलमधलं मिळालं तं सगळ्यात चांगलं, कारण धान आधीच उकडलेलं असते आणि तुसात राहिलेला दाणा उगवत नाही. साध्या मिलचं असेल तं मोठ्या गंजात (पातेल्यात) टाकून वरून उकळतं पाणी ओता आणि रात्रभर झाकून ठेवा. कोरडं तूस पाण्यावर तरंगत राहते, भिजतच नाही, गरम पाण्यानं ते नरम पडते आणि दाणेही मरतात.

पण निव्वळ तुसात रोप लावू नका. तूस हवा भरपूर देते पण पाणी धरत नाही, छोटं रोप दुपारच्या उन्हात मान टाकते. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग तूस, हे मिश्रण आपल्या इकडे मस्त जमते. मुठीत घेऊन दाबलं तं दोन-चार थेंब निघाले पाहिजे आणि मूठ उघडली की गोळा फुटला पाहिजे. धार लागली तं तूस वाढवा, थेंबच निघाला नाही तं कोकोपीट.

याच्याही पुढचं म्हणजे जाळलेलं काळं तूस. हे फ्लॅटमधे करू नका, धूर खूप होते, माहेरी गेल्या की वावरात करा. तेलाच्या जुन्या पिप्याला चारी बाजूंनी भोकं पाडायची, वर पत्र्याचा पाइप चिमणीसारखा बसवायचा, पिप्याच्या आत काड्यांचा जाळ करायचा आणि बाहेरून सगळीकडे तुसाचा ढीग लावायचा. आग आत राहते, तूस बाहेरून हळूहळू काळं पडत येते. ढिगाच्या अंगावर काळे डाग दिसायला लागले की फावड्यानं वरचं खाली करत राहायचं. सगळं काळं झालं की लगेच पसरवून भरपूर पाणी मारायचं, इथे आळस केला तं आतल्या आत जळत राहते आणि पांढरी राख होते. राख कामाची नाही, आपल्याला टरफलाचा आकार टिकलेला कोळसा पाहिजे. तो हलका असते, पाणीही धरते, हवाही धरते आणि लवकर कुजत नाही. फक्त खारट असते, पीएच (पाणी आंबट की अल्कली ते सांगणारा आकडा) चढवते, म्हणून वापरायच्या आधी पाणी बदलून बदलून धुवा.

मुळं_आणि_पाणी

वरच्या भाऊंनी तुसाचं अगदी बरोबर सांगितलं. मी कोकोपीट आणि पाण्याबद्दल लिहितो कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

चहासारखं पाणी होते ते टॅनिनमुळे, त्यानं झाड मरत नाही. नुकसान होते ते कोकोपीटमधल्या मिठानं. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असू शकतात, आणि कोकोपीटला सोडियम आणि पोटॅशियम चिकटून बसलेलं असते. तुम्ही खत टाकलं की कोकोपीट त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतः पकडून ठेवते आणि सोडियम पाण्यात सोडून देते. मंग कोवळ्या पानांच्या कडा जळतात आणि आपण म्हणतो ऊन लागलं. उपाय सोपा आहे. कोकोपीटची वीट फुगवून साध्या पाण्यानं धुवायची, पाण्याचा रंग फिका होईपर्यंत. नंतर १० लिटर पाण्यात साधारण २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर ठेवायची, सकाळी निथळून पुन्हा एकदा धुवायची. एवढं केलं की कोकोपीट शांत होते.

गळण्यासाठी घरातलीच वस्तू आहे. पूजेच्या नारळाच्या शेंड्या फेकू नका, भिजवून, पाणी बदलून, कपाच्या तळाशी घरट्यासारख्या गोल बसवा आणि वर मिश्रण भरा. मुळं त्यातून आरामात खाली जातात. घोसाळ्याची वाळलेली जाळी कापून घातली तरी चालते, स्पंजची सवय असेल तं हीच सगळ्यात सोपी. तागाचं पोतं मात्र नको, सतत ओलं राहिलं की लवकर सडते. लाकडाचा भुसाही नको, कुजताना नत्र खाऊन टाकते आणि झाड पिवळं पडते.

आता बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट. हायड्रोपोनिक्समधे पीएच ५.५ ते ६.५ पाहिजे, हे पाणी त्याला सारखं वर ओढते. पीएच ६.५ च्या वर गेला की साध्या खतातलं लोह (ते ईडीटीए नावाच्या रसायनात बांधलेलं असते) झाडाला मिळणं कमी होते, नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तं हेच समजा. लिंबू पिळून पीएच उतरते पण टिकत नाही, सायट्रिक ॲसिड जिवाणू खाऊन टाकतात आणि काही दिवसांत पीएच परत वर. फॉस्फोरिक ॲसिडवालं पीएच डाऊन घ्या, हातमोजे घालून थेंब थेंब टाका.

दुसरं असं की लेट्यूसला ईसी (पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप) १.२ च्या आसपास पुरते. तुमच्या बोअरचीच ०.८ असेल तं खताला जागाच कुठे उरली? मीटर घेऊन आधी साधं पाणी मोजा. जास्त निघालं तं पावसाचं पाणी जमवायचं बघा, १०० चौरस फूट पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ९ लिटर पाणी होते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तेवढं पडतेच. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कोणी सांगितलं तरी टाकू नका. पाणी उडून जाते, मीठ खालीच राहते.

आणि कृषी केंद्रात १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) देतील, म्हणतील पाण्यात विरघळते म्हणजे चालते. त्यातलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असते, मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात, नुसत्या पाण्यात ते नीट होत नाही. कॅल्शियम तं त्यात नाहीच. ए आणि बी असं दोन बाटल्यांचं खत घ्या आणि दोन्ही कधी घट्ट असताना एकत्र करू नका, कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट भेटले की खाली पांढरा गाळ बसते आणि तो झाडाच्या काही कामाचा नाही.

काळा_दगड

गिट्टीचं मी सांगतो. वापरा, पण पालकाला नको, टमाटे-मिरची बादलीत लावायची असेल तेव्हा वापरा. काळी गिट्टी म्हणजे बसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही, धुवून वर्षानुवर्षं वापरता येते. रॉकवूल त्याच बसाल्टचा बनते, १५०० डिग्रीच्या वर वितळवून त्याचे धागे काढतात, म्हणून एवढी वीज-कोळसा जाळून आणलेली वस्तू एका पिकात फेकून देण्यापेक्षा दगडच दगड म्हणून वापरला तं काय वाईट. गिट्टीवर व्हिनेगर टाकून पाहा, फसफस झाली तं चुनखडी आहे, पीएच चढवेल, ती घेऊ नका.

विटेचे तुकडे लाल मातीच्या विटेचेच घ्या आणि सिमेंट लागलेलं नको. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख असल्यामुळे फ्लाय ॲशच्या राखाडी विटा बांधकामावर सगळीकडे पडलेल्या दिसतात, त्या उचलून आणू नका. त्यात चुना किंवा सिमेंट असते, आणि कोळशाच्या राखेतले जड धातू खायच्या भाजीत कशाला पाहिजे.

बेसा_गॅलरी

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आईला फोन केला, ती म्हणे उकड्या तांदळाची मिल आहे, पोतं पाठवते. शेंड्या तं आजच भिजत घातल्या. बोअरचं पाणी शेजारच्या दादांच्या मीटरवर मोजलं, ईसी ०.९ आली, म्हणजे लेट्यूसची पानं कडेनं का जळून राहिली ते आता समजलं.

उन्हाळ्याचं राहिलं. सासूबाई म्हणतात डब्याऐवजी मातीच्या माठात पाणी भरून त्याच्या तोंडावर रोप बसव, माठातलं पाणी मे महिन्यातही थंड राहते. मला आयडिया आवडली. चालेल का?

मुळं_आणि_पाणी

सासूबाईंचा विचार चांगला आहे, थोडं वेगळं करा. माठ थंड राहते कारण पाणी पाझरून बाहेर उडते आणि आपली हवा मे मधे कोरडी असते. पण उडते ते फक्त पाणी. खत आत राहते किंवा माठाच्या अंगावर पांढरं फुटते, आणि आतली ईसी दिवसेंदिवस चढत जाते. म्हणून खताचं पाणी प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, तो डबा मोठ्या माठात बसवा आणि मधल्या जागेत वाळू भरून ती साध्या पाण्यानं ओली ठेवा. माठ सावलीत पाहिजे, नाहीतर काही फायदा नाही.

थंडाव्याचा एवढा खटाटोप यासाठी की २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावते, ३५ ला ७ च्या आसपास, आणि गरमीत मुळांना ऑक्सिजन उलट जास्त लागते. त्यात पिथियम नावाचा बुरशीसारखा जीव वाढते, मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि वास मारतात. निरोगी मूळ पांढरं असते. आठवड्यातून एकदा झाकण उचलून पाहत जा.

धानपट्टा

मी यात सरळ बोलतो ताई. लेट्यूस मार्चमधे बंद करा. पश्चिमेच्या गॅलरीत, ४५ डिग्रीत, माठ करा नाहीतर काही करा, ते कडू होते आणि दांडा काढते. आपला देशी पालक बीटाच्या घराण्यातला आहे, तो हिरव्या जाळीखाली अजून थोडे दिवस टिकते. एप्रिल ते जून चवळाई आणि अंबाडी लावा, तीही पाण्यावर नाही, बादलीभर कोकोपीट-तुसात. पाणी देणं एखाद्या दिवशी हुकलं तरी माध्यमात ओल असते, झाड तग धरते. नागपुरात माध्यम निवडताना माझा पहिला विचार हाच असते की भर दुपारी किती वेळ सांभाळून घेईल.

आणि वापरलेलं माध्यम फेकू नका. मोठी मुळं काढा, धुवा, मे महिन्यात गच्चीवर ओलं करून पारदर्शक प्लास्टिकखाली तापत ठेवा, आपल्या उन्हात बुरशी राहत नाही. दोन-तीन पिकांनंतर तूस मोडायला लागले की कुंडीत टाका, काळी माती भेगाळते ती त्यानं मोकळी होते.

काळा_दगड

एक राहिलं, डास. उघडं पाणी आठवडाभर राहिलं की डेंग्यूचा डास तयार होते, आणि तुमच्या पद्धतीत पाणी महिनाभर तसंच राहते. रिकाम्या भोकांना बूच लावा, झाकणाची फट टेपनं बंद करा. थर्माकोलचा डबा बाहेरून काळ्या कापडानं झाका म्हणजे उजेड आत जाणार नाही आणि शेवाळही होणार नाही. त्यावर पांढरं कापड टाका, नाहीतर काळं ऊन ओढते.

बेसा_गॅलरी

बूच आणि कापडाचं आजच करते. लेट्यूस आहे तेवढं काढून घेते आणि त्या जागी पालक, नवीन मिश्रणात. एक शेवटचं विचारायचं होतं, कप दोन इंचाचे आहेत, शेंड्यांचा थर किती जाड ठेवू?

मुळं_आणि_पाणी

बोटाच्या एका पेराएवढा पुरे, पण दाबून बसवू नका. आणि सुरुवातीला पाणी कपाच्या तळाला टेकलं पाहिजे, मुळं खाली उतरली की मंग पातळी आपोआप कमी होऊ द्या, पुन्हा काठोकाठ भरू नका. मधली हवा मुळांना लागते.