अख्खा जिल्हा एका रंगात रंगवला, म्हणजे अंदाज सांगून झाला का?

मूळ मुद्दा : माणदेशी शेतकरी (म्हसवड परिसर, जि. सातारा)

मे महिन्याच्या मध्यावर आमचा उन्हाळी कांदा काढून झाला होता आणि पातीसह शेतात पसरलेला होता. मान नीट सुकली नाही तर कांदा चाळीत टिकत नाही, म्हणून तीन-चार दिवस तो पातीखाली झाकून शेतातच ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुण्यांनी फोनवर एक चित्र पाठवले. महाराष्ट्राचा नकाशा, त्यात सातारा जिल्हा केशरी आणि जिल्ह्याच्या मधोमध काळा ढग व वीज. चित्राचा खालचा भाग कापला गेला होता, त्यामुळे तारीख नव्हती, वेळ नव्हती आणि रंगांचे अर्थ सांगणारी पट्टीही नव्हती. घरच्या सहा माणसांनी रात्री बॅटरीच्या उजेडात कांदा गोळा करून चाळीत भरला. पाऊस आलाच नाही. ते चित्र आदल्या दिवशीचे होते, हे नंतर कळले. ओल्या मानेचा तो कांदा आषाढात सडू लागला आणि निम्म्याहून अधिक उकिरड्यावर गेला.

चित्र कोणी तयार केले हे येथे महत्त्वाचे नाही, कारण सरकारी असो, वाहिनीचे असो की एखाद्या ॲपचे, ही चित्रे साधारण एकाच पद्धतीने काढलेली असतात. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि माण तालुकाही आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. या दोन्ही ठिकाणांना एकच रंग देणारे चित्र आम्हा दोघांपैकी एकाला तरी चुकीचे सांगणारच.

त्याहून खटकणारी गोष्ट अशी की, मूळ अंदाजाच्या मजकुरात जे नेमकेपण असते ते चित्रात उतरतच नाही. मजकुरात ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ असे लिहिलेले असते. हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर, आणि ‘जोरदार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. शब्द इतके काटेकोर असताना चित्रात मात्र जिल्ह्याच्या या सीमेपासून त्या सीमेपर्यंत एकसारखा रंग भरलेला असतो. पाहणाऱ्याला वाटते की सगळीकडे पडणार.

रंगांचेही तसेच. इशाऱ्याच्या नकाशात पिवळ्यापेक्षा केशरी गंभीर आणि केशरीपेक्षा लाल गंभीर. पण त्याच विभागाच्या, पावसाची सरासरीशी तुलना करणाऱ्या नकाशात २० ते ५९ टक्के तूट लाल रंगाने दाखवतात आणि ६० ते ९९ टक्के तूट, म्हणजे जवळजवळ दुष्काळाची स्थिती, पिवळ्या रंगाने दाखवतात. ऑगस्टमध्ये हे दोन्ही नकाशे एकाच दिवशी फोनवर येतात. पिवळा पाहून माणसाने धीर धरावा की घाबरावे, हे त्याने कसे ओळखायचे?

माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या चित्रावरून लोक निर्णय घेतात त्या चित्रात ‘कधीपासून कधीपर्यंत’ आणि ‘किती ठिकाणी’ या दोन गोष्टी नकाशाच्या आतच छापलेल्या असल्या पाहिजेत. त्याशिवाय असे चित्र बाहेर सोडू नये.

प्रतिसाद : तहसील कार्यालयातील माजी कर्मचारी

आपल्या नुकसानीबद्दल मनापासून वाईट वाटते, परंतु आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी अनेक पावसाळे तालुक्याच्या आपत्ती कक्षात काम केले आहे. इशाऱ्याचा रंग हा मिलिमीटरचा रंग नसून कृतीचा रंग आहे. हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. पाऊस किती पडेल, तो पडण्याची शक्यता किती आणि त्यामुळे काय होऊ शकेल, या सगळ्याचा विचार होऊन तो एक रंग ठरलेला असतो.

हा रंग जिल्ह्याला दिला जातो, कारण आदेश जिल्हाधिकारी काढतात. शाळांना सुट्टी, धबधब्यांवर बंदी, दरडप्रवण वाड्यांचे स्थलांतर हे सर्व जिल्ह्याच्या पातळीवरून सुटते. रात्री दोन वाजता कक्षातला फोन वाजतो तेव्हा समोरच्या कर्मचाऱ्याला टक्केवारीचा तक्ता नको असतो. बोटीचे पथक तयार ठेवायचे की नाही एवढेच त्याला हवे असते. ते एका रंगाने कळते. त्या चित्रात तुरळक, काही, बहुतांश अशा चार छटा घातल्या तर ज्या कामासाठी ते काढले आहे त्याच कामाला ते निरुपयोगी होईल.

कांद्याचा निर्णय त्या चित्रावरून घेणे हीच मुळात चूक झाली. त्यासाठी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला असतो, शेतकऱ्यांसाठी हवामान सल्ला देणारे ‘मेघदूत’ ॲप आहे, विजांच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप आहे. आणि कापलेले चित्र पुढे पाठवणाऱ्याचा दोष ते काढणाऱ्याच्या माथी मारणे योग्य नाही.

प्रतिसाद : मुंबईकर वाचक

मूळ लेखकांच्या तक्रारीशी मी अर्धी सहमत आहे, परंतु त्यांच्या लेखातून जी अपेक्षा डोकावते, म्हणजे नकाशा तालुक्यापर्यंत किंवा गावापर्यंत बारीक करावा, तिला माझा ठाम विरोध आहे.

२६ जुलै २००५ आठवा. २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही वेधशाळांत पंचवीस किलोमीटरचेही अंतर नाही. इतक्या जवळच्या दोन ठिकाणी इतका फरक पडू शकतो, तेथे आदल्या दिवशी गावागणिक वेगळा रंग देणे म्हणजे जे शास्त्राला ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा देखावा करणे होय. आज कितीतरी ॲप नेमके तेच करतात. माझ्या वस्तीच्या नावाखाली दुपारी तीन वाजता ढगाचे चित्र, चार वाजता ढग आणि तीन थेंब, शेजारी ६० टक्के. हे साठ टक्के म्हणजे पाऊस पडण्याची शक्यता, दिवसाचा हिस्सा की वस्तीचा भाग, हे कोठेही लिहिलेले नसते. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी त्याचा अर्थ ‘साठ टक्के जोराचा पाऊस’ असा लावला होता, आणि त्यांना खोडून काढण्यासारखे काहीही त्या पडद्यावर नव्हते.

माझ्या मते भडक केशरी जिल्ह्यापेक्षा हे सुबक ॲप अधिक दिशाभूल करते. जिल्ह्याचा रंग ढोबळ आहे हे निदान दिसते तरी.

प्रतिसाद : चित्रकला शिक्षक

माजी कर्मचाऱ्यांनी ‘ते एका रंगाने कळते’ असे लिहिले आहे. माझ्या धाकट्या भावाला ते कळत नाही. त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही, आणि इशाऱ्याच्या नकाशातला हिरवा जिल्हा व केशरी जिल्हा त्याला जवळजवळ सारखेच दिसतात. हा दोष एक्स गुणसूत्रातून येतो, त्यामुळे पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. शेतावर, बोटीवर आणि ट्रकवर हे नकाशे पाहणाऱ्यांत पुरुषच अधिक असतील, तर ही अडचण किरकोळ कशी म्हणता येईल?

शाळेत मुलांना नकाशा भरायला शिकवताना आम्ही रंगासोबत तिरक्या रेघा, ठिपके, उभ्या रेघा वापरायला लावतो, कारण नकाशाची झेरॉक्स काढली की रंग जातात आणि रेघा राहतात. इशाऱ्याच्या नकाशात केशरीला तिरक्या रेघा आणि लालला जाळी दिली, तर काळ्या-पांढऱ्या प्रतीतही तो वाचता येईल. ग्रामपंचायतीच्या फलकावर आजही तशीच प्रत लागते. जिल्ह्याच्या आत ‘तयारीत राहा’ हे मराठी शब्द बसत नसतील तर बाजूला रेघ ओढून लिहावेत. रंगांचा अर्थ तळाशी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत देणे ही केवळ सवय आहे; त्यामागे कोणतीही तांत्रिक अडचण मला दिसत नाही.

प्रतिसाद : माणदेशी शेतकरी

माजी कर्मचारी दादांचे म्हणणे मी दोनदा वाचले. आदेशासाठी जिल्हा हेच एकक असावे, हे मला पटले. परंतु ते चित्र आपत्ती कक्षापुरते राहिलेले नाही. ते सगळ्यांच्या हातात येते आणि सगळे त्यावरून निर्णय घेतात, मग ते एकाच वाचकासाठी काढले आहे असे म्हणून कसे चालेल?

शिवाय जिल्हा फोडता येत नाही हेही खरे नाही. अलीकडे इशाऱ्यांत ‘पुणे घाट’, ‘सातारा घाट’, ‘कोल्हापूर घाट’ असे वेगळे उल्लेख येतात. म्हणजे सह्याद्रीचा माथा आणि पूर्वेकडचा कोरडा पट्टा वेगळे आहेत हे अंदाज देणाऱ्यांनी मान्य केले आहे. मुंबईकर ताईंना वाटते तसा गावागणिक रंग मी मागत नाही. मला एवढेच हवे आहे की, मजकुरात घाट वेगळा असेल तर चित्रातही तो वेगळा दिसावा. पाऊस मोजण्यासाठी महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळांत, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटांत, आहेत आणि अतिवृष्टीची मदत मंडळातल्या ६५ मिलिमीटरच्या नोंदीवरून ठरते. नुकसान मंडळाने मोजायचे आणि सावध मात्र जिल्ह्याने व्हायचे, हे अंतर थोडे तरी कमी व्हायला हवे.

कापलेल्या चित्राबद्दल बोलायचे तर, चित्र कापले जाणार हे गृहीत धरूनच ते काढले पाहिजे. तारीख तळाच्या पट्टीत ठेवली तर ती जाणारच. ती अरबी समुद्रावर छापा. तेथे भरपूर जागा आहे आणि समुद्र कापला तर कोकणही कापावे लागेल.

प्रतिसाद : दापोलीचा बागायतदार

समुद्राचा विषय निघाला म्हणून लिहितो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले तेव्हा आमच्याकडे सगळे जण नकाशावरची मधली रेघ पाहत होते. रेघ समुद्रातून गुजरातकडे जात होती, म्हणून आपण सुटलो असे अनेकांना वाटले. वादळ खरोखर समुद्रातूनच वर गेले आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. तरीही सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडमध्ये घरांचे पत्रे उडाले आणि उशिराचा हापूस झाडाखाली पडला. रेघेभोवतीचा जो पसरत जाणारा सुळका असतो तो वादळाचा केंद्रबिंदू कोठून जाऊ शकेल एवढेच सांगतो. वारा कोठपर्यंत पोहोचेल हे सांगत नाही. अमेरिकेचे हरिकेन केंद्र जो सुळका काढते त्यात केंद्रबिंदू साधारण तीनपैकी दोनच वेळा राहतो, असे त्याच्या पद्धतीतच गृहीत धरलेले आहे. हे चित्र पाहून कोणाला समजेल?

तरीसुद्धा माझे मत मूळ लेखकांच्या विरुद्ध आहे. आमच्याकडे आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा लोक घराबाहेर पडले ते लाल रंग पाहून. ‘तुरळक ठिकाणी’, ‘शक्यता अमुक टक्के’ असे काही त्या चित्रात असते तर आमच्या वाडीतले निम्मे लोक ‘आपल्याकडे नाही येणार’ म्हणून घरातच बसले असते. शक्यतेचा आकडा दाखवला की माणूस आपल्या सोयीची बाजू उचलतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कांदा सडला तर पुन्हा लावता येतो.

प्रतिसाद : माणदेशी शेतकरी

आपल्या शेवटच्या वाक्याने मला त्रास झाला, पण ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. माझी शंका वेगळी आहे. वर्षातून पंधरा वेळा केशरी येऊन आमच्या शिवारात थेंब पडला नाही, तर सोळाव्या वेळी माणूस चित्र न पाहताच फोन खिशात ठेवतो. आमच्या गावात तसे होऊ लागले आहे. नुकसान फक्त कांद्याचे होत नाही. त्या रंगावरचा विश्वासही जातो, आणि तो पुन्हा लावता येत नाही. विजेच्या दिवशी शेतातल्या माणसाला त्याच विश्वासाची गरज असते.

प्रतिसाद : तहसील कार्यालयातील माजी कर्मचारी

हा मुद्दा मी नाकारू शकत नाही. ‘मागच्या वेळी काय झाले होते?’ हा प्रश्न स्थलांतराच्या वेळी आम्हाला दारोदार ऐकावा लागला आहे. टक्केवारीच्या बाबतीत मी दापोलीच्या बागायतदारांच्याच बाजूचा आहे आणि राहीन. मुदतीच्या बाबतीत मात्र माझे मत बदलले, ते का, हे सांगतो.

पाऊस मोजण्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो आणि पहिल्या दिवसाच्या इशाऱ्याची मुदतही तशीच दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंत असते. चित्रावर १४ जुलै असे लिहिलेले असते, आणि लोक रात्री बारा वाजता धोका टळला असे समजतात, तेव्हा प्रत्यक्षात आठ तासांहून अधिक मुदत शिल्लक असते. आमच्या कक्षाच्या बाहेर एक फळा होता. इशारा आला की आम्ही त्यावर खडूने पहिली ओळ लिहायचो ती अशी : ‘आज दुपारी १ पासून उद्या सकाळी ८.३० पर्यंत’. रंगाचे नाव दुसऱ्या ओळीत असायचे. सूचना कोणाची होती ते आता आठवत नाही, पण ती पहिली ओळ लिहायला लागल्यापासून ‘साहेब, अजून आहे का?’ असे विचारणारे फोन कमी झाले होते. फळ्यावर जे आम्हाला जमले ते चित्रात जमायला हरकत नसावी. समुद्रावर छापायची आपली कल्पना मला आवडली. विदर्भाच्या आणि मराठवाड्याच्या वेगळ्या नकाशांत समुद्र नसतो, तेथे ती ओळ कोठे घालायची हे चित्रकला शिक्षकांनी सुचवावे.