सीलिॲक आहे आणि हॉस्टेलच्या मेसचं जेवण आहे, कसं निभवायचं?

शाळूची_भाकर

नमस्कार. मी बार्शीकडची, यंदा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेय, कॉलेजच्याच हॉस्टेलवर राहते. बारावीत माझं हिमोग्लोबिन काही केल्या वर येत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी करायला लावली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि सीलिॲक निघाला, म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होते. गहू, जव, राय जन्मभर बंद.

घरी काही अडलं नाही. आमच्याकडे दोन्ही वेळा मालदांडीची भाकरीच असते, आणि आईने गव्हाचं पीठ घरात आणणंच थांबवलं. इथे नाश्त्याला उपमा, ब्रेड नाहीतर पराठा आणि जेवणात पोळी. मी फक्त वरण, भात आणि भाजी घेते. तरी अधूनमधून पोट फुगतं, जुलाब होतात, तोंड येतं. मेसच्या ऑफिसात सांगितलं तर म्हणाले, "भात आहे ना, भात खा." तोच तर खातेय! खोलीत शेगडी, कुकर काही चालत नाही. मेसचे पैसे वर्षाचे एकदम भरलेत, त्यामुळे बाहेर डबा लावणं घरच्यांना जड जाईल.

वरणात गहू येतो तरी कुठून? हॉस्टेलवर राहून हे कोणी निभावलंय का?

तवा_वेगळा

मी निभावलंय. पूर्ण इंजिनिअरिंग हॉस्टेलवर, सीलिॲक घेऊन. तेव्हा घाबरू नकोस, जमतं. पण "पोळी खात नाही" एवढ्याने जमत नाही.

वरणाचं आधी सांगते. हिंग. बाजारात मिळणारा डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात डिंक आणि बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. डबीच्या मागे घटक वाच. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो, तो चालतो. दुसरं म्हणजे डाव. आमच्या मेसमध्ये वाढप सुरू झालं की भाजीचा डाव वरणात, वरणाचा भाजीत. कोणाच्या ताटातल्या पोळीला लागून तो परत पातेल्यात जायचा. तिसरं, पोळ्या लाटताना उडणारं पीठ. तू एकदा मेसच्या स्वयंपाकघरात जाऊन बघ. ओट्याच्या एका टोकाला पोळ्या लाटणं चालू असतं आणि दुसऱ्या टोकाला वरणाचं पातेलं उघडं. सायीवर पावडर पडावी तसा पांढरा थर धरलेला मी पाहिलाय.

एवढ्याशाने काय होणार, असं मैत्रिणी म्हणतील. त्यांना आकडा सांग. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसतं असं मानतात. एका पोळीत ते दोन ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे पोळीचा चिमूटभर तुकडासुद्धा जास्तच झाला. आणि शिजवून, तळून ग्लुटेन जात नाही.

आता काय करायचं ते. ऑफिसला तोंडी सांगू नकोस. डॉक्टरांकडून मराठीत चिठ्ठी लिहून घे: आजार कोणता, काय चालत नाही, भांडी वेगळी का हवीत. एक प्रत रेक्टर मॅडमना, एक मेसच्या ठेकेदाराला. पण खरं काम स्वयंपाकघरातच होतं. दुपारी चारच्या सुमाराला जा, तेव्हा मावशी जरा टेकलेल्या असतात. त्यांच्याशेजारी बसून सांग. माझ्या मावशींना मी एवढंच म्हटलं होतं, "फोडणीत हिंग घालायच्या आधी माझी वाटीभर आमटी बाजूला काढाल का?" दुसऱ्या दिवसापासून झाकण ठेवलेला स्टीलचा डबा माझ्यासाठी कोपऱ्यात असायचा. त्या माऊलीने सुट्टीवर जातानाही बदलीच्या बाईला हे समजावून सांगितलं होतं. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

जेवायला पहिल्या पंगतीला जा, डाव फिरायच्या आधी. रस्साभाजी दाट दिसली तर मैदा लावलाय का ते विचार. पनीरची ग्रेव्ही, सूप, मंचुरियन यांना हात लावू नकोस, सोया सॉसमध्येही गहू असतो. तळलेलं काहीच नको, कारण समोसा आणि बटाटेवडा एकाच तेलात. म्हणून कॅन्टीनचा साबुदाणा वडा नको, खिचडी चालेल, पण झारा आणि कढई उपम्याची नाही ना ते बघून. इडली ठीक. सांबार हिंगामुळे सोडावं लागतं, पोह्यांची आणि खोबऱ्याच्या चटणीची फोडणी विचारून घे.

खोलीत राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर, लाह्या, केळी कायम ठेव. परीक्षेच्या दिवसांत रात्री भूक लागते तेव्हा हॉस्टेलमध्ये दुसरं काही मिळतं का? बिस्किटं आणि मॅगी. तेव्हा हाच साठा धावून येतो.

मेसवाल्या_काकू

बाळा, मी कोथरूडला विद्यार्थ्यांची मेस चालवते, ओट्याच्या अलीकडून सांगते. माझ्याकडे अशीच एक मुलगी जेवायची.

ठेकेदाराला "माझ्यासाठी वेगळं करा" म्हणालीस की त्याच्या डोळ्यापुढे वेगळा माणूस आणि वेगळा पगार येतो, म्हणून तो नाही म्हणतो. त्यापेक्षा त्याला म्हण, "ज्वारीचं पीठ आणि तवा माझा, पोळ्या सुरू व्हायच्या आधी दोन भाकऱ्या टाकून द्या." एवढ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. भाकरी सगळ्यात आधी झाली पाहिजे, ओटा आणि परात स्वच्छ असताना. तवा, उलथनं आणि परात तुझीच, त्यांना लाल दोरा बांधून ठेव, म्हणजे गर्दीत कोणी पोळीला उचलणार नाही. लाकडी पोळपाटाची भाकरी घेऊ नकोस, लाकडाच्या चिरांमध्ये पीठ बसतं.

दळणाचं मात्र नीट सांभाळ. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर सगळं पाण्यात. माझ्या त्या मुलीचं दळण मी घरघंटीवर काढायची, आणि त्या घरघंटीत गहू कधीच गेला नव्हता. तुझ्या आईकडे सोय असेल तर पीठ गावाहूनच आण. भाजणीच्या थालीपिठाला भुलू नकोस, भाजणीत बहुतेक घरी गहू असतोच.

आहार_तपासणी

मी आहारतज्ज्ञ आहे. वरच्या दोघींनी छान सांगितलंय, थोडी भर घालते.

पाकिटावर ग्लुटेन-मुक्त लिहिलेलं असेल तर आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. माल्ट म्हणजे बहुधा जव, त्यामुळे दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी बंद, आणि कॉर्नफ्लेक्सचं पाकीट वाचल्याशिवाय घेऊ नका. साधे ओट्स नकोत, त्यांत गहू मिसळलेला असतो.

टीटीजी सहा महिन्यांनी परत करा, सोबत हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि बी-१२. त्रास होत नाही म्हणून आतडं बरं झालंच असं नसतं. सुरुवातीला काहींना दूधही पचत नाही, ते आतडं सुधारलं की बहुतेकांना पुन्हा सोसतं.

शाळूची_भाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज चारला मेसमध्ये गेले होते. हिंगाची डबी उलटून पाहिली, त्यावर गव्हाचं पीठ स्पष्ट लिहिलेलं होतं. मावशी म्हणाल्या, तुझी आमटी जिरं-लसणाच्या फोडणीची करू. तवा रविवारी मंडईतून आणते. भाकरीचं ठेकेदारांना विचारायचंय, काकूंनी सांगितलं तसंच विचारीन.

एक राहिलं. माझा धाकटा भाऊ दहावीत आहे, त्याला काहीच त्रास नाही. आई म्हणते त्याचीही पोळी बंद करू. करू का?

आहार_तपासणी

आधी त्याची टीटीजी करा, मग ठरवा. सख्ख्या भावंडांना आणि आईवडिलांना धोका जास्त असतो, तेव्हा तपासणी सगळ्यांचीच व्हायला हवी. पण गहू आधीच बंद केला तर तपासणी खोटीच चांगली येऊ शकते. रक्त देईपर्यंत त्याची पोळी चालू राहू दे. आईने घरात गहू बंद केलाय म्हणता, म्हणून मुद्दाम विचारते: तो बाहेर, डब्यात पोळी किंवा पाव रोज खातो का? खात नसेल तर तपासणीच्या आधी किती दिवस गहू खायचा ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.